विमानं आधीच उतरतात

जहाज मुंबईला लागायच्या आदल्या दिवशी
विमानं उडून गोव्याला जात.
हे मला फार उशिरा कळलं.
तोवर टायगर गेटशी, आईचा पदर धरून,
दर वेळी एकच प्रश्न: विमानं कुठायत?
समोर नुसती लांबलचक राखाडी गच्ची
आणि गच्चीच्या कडेने पांढऱ्या कपड्यांतली माणसं,
वाळत घातल्यासारखी.

बाबांच्या अंगाला रॉकेलसारखा वास यायचा.
हाच काय तो विमानांचा पुरावा.

जयवंत तांडेल, करंजाचे. पिवळी जर्सी.
नुसत्या हातांनी विमानं हलवणारा माणूस.
आजोबा म्हणत, आम्ही होड्या ओढतो, हा विमानं ओढतो,
पगार तेवढा वेगळा.

एकदा जेवताना त्यांनी ताटातच समजावलं.
जहाज म्हणजे बिऱ्हाड. स्क्वाड्रन म्हणजे कुळ.
बिऱ्हाड बदलतं.
ही लिंबाची फोड, तीनशे नंबर, सी हॉक,
एकटा वैमानिक, अंगावर पांढरा वाघ.
हा बोंबील, तीनशे दहा, अलिझे,
पोटात तीन माणसं घेऊन पाणबुडीचा माग काढत फिरणारी.
बाबा तिला म्हैस म्हणत. लाडाने.
पाचाने सुरू होणारे नंबर मास्तरांचे,
ते किनाऱ्यावर बसून शिकवतात,
त्यांना ताटात जागा नव्हती.
आणि हे मीठ, तीनशे एकवीस, चेतक.
सगळ्यांच्या आधी उडायचं, सगळ्यांच्या नंतर उतरायचं,
मधला सगळा वेळ बाजूला घोंघावत राहायचं,
कुणी पाण्यात पडलंच तर.
आई भाकरी वाढत होती.
म्हणाली, म्हणजे मी तीनशे एकवीस.
आम्ही हसलो. ती नाही हसली.

एकदा चेतक गेलं आणि नुसतं हेल्मेट घेऊन आलं.
कुणाचं, ते बाबांनी कधीच सांगितलं नाही.
विमानाचा नंबर मात्र झोपेत म्हणायचे.

मग सी हॉक थकलं. हॅरियर आलं, उभ्याउभ्या उतरणारं.
नंबर तोच ठेवला, तीनशे,
आजोबा गेल्यावर नातवाला नाव ठेवतात तसा.
वाघ पुन्हा रंगवला.
डेकवरच्या तारा निघाल्या, पुढे चढण बांधली,
तारांवरचा वेलायुधन कोचीला गेला
आणि त्याची पत्रं यायची हळूहळू थांबली.

जहाज निवृत्त झालं, त्याचं संग्रहालय झालं.
तिकीट काढून आम्ही आत गेलो.
खाली हँगरमध्ये विमानं उभी होती.
जुनं तीनशे, नवं तीनशे, म्हैससुद्धा.
मुंबईच्या पाण्यात, जहाजाच्या पोटात विमानं
मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.
बाबा गुडघ्यावर बसले, चाकाची साखळी ओढून बघितली.
ही कुणी बांधलीय? उलटी आहे.
गाइड पोरगा म्हणाला, काका, ते कुठं जातंय आता?
बाबांनी सोडून पुन्हा बांधली.

शेवटी दारूखाना.
भरतीला आणून चिखलात बसवलेलं,
पुढची चढण आधी कापलेली,
निळ्या ठिणग्या, आणि वास पुन्हा तोच, थोडा जळका.
कुंपणापलीकडून बराच वेळ बघून
बाबांनी विचारलं, विमानं?
म्हटलं, आधीच हलवली.
मान डोलावली त्यांनी.
मग ठीक. शिस्तीप्रमाणे झालं.

तेवढ्यात पत्रे भरलेला एक ट्रक
गल्लीतून मागे यायला लागला, भिंतीला घासत.
बाबा रस्त्यात उतरले. दोन्ही हात वर,
तळवे आपल्याकडे, या, या, डावीकडे थोडं,
मुठी आवळल्या, थांब.
ट्रक इंचभर न चुकता थांबला.
ड्रायव्हरने खूश होऊन हॉर्न वाजवला.
बाबांनी वळून पाहिलं नाही,
त्या बाजूच्या कानाने त्यांना
सी हॉकपासूनच ऐकू येत नाही.